डोक्यावरचा हात

"तिनं हात का नाही दाबला, बुवा?"

जालिंदर चपला घालूनच देवळाच्या ओवरीत शिरला. ना रामराम, ना देवाला हात जोडणं.

मी चहा गाळत होतो. त्याचं तोंड बघितलं आणि माझा हात तसाच थांबला.

बुवा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कुणी?"

"तनुजानं. माझ्या पोरीनं. माझा हात तिच्या डोक्यावर होता, तिची मूठ माझ्या मनगटाला होती. नुसतं दाबायचं होतं... का नाही दाबलं तिनं?"

बुवांनी एकच विचारलं.

"पोरगी हाय ना?"

"आहे."

"मग चपला काढून ये."

तो गेला, चपला काढल्या, परत आला. भर चैत्राचं ऊन, फरशीवर पाय ठरत नव्हता, आणि या माणसाचे दात वाजत होते.

परक्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. आमचं वाघदरा डोंगराच्या पोटाशी. वर कुंडेश्वराचं देऊळ, देवळामागं पायऱ्यांचं कुंड. भारतीबुवा इथले पुजारी. गोसावी माणूस, लग्न केलं नाही, संसार म्हणाल तर ही ओवरी आणि एक म्हातारी गाय. पण तरुणपणी पक्के हुतूतू खेळणारे. आता त्याच खेळाला कबड्डी म्हणतात. गावातली पोरं त्यांच्याच हाताखाली तयार झाली. मीही झालो. म्हणजे व्हायचा प्रयत्न केला.

चढाईला गेलेला गडी एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरतो, आणि दम संपायच्या आत त्याला मधली रेघ गाठावी लागते. वाटेत दम तुटला की बाद. तो दम वाढावा म्हणून बुवा आम्हाला कुंडात उतरवायचे.

पोरगं छातीभर पाण्यात. बुवा वरच्या पायरीवर. बुवांचा तळवा पोराच्या डोक्यावर आणि पोराची मूठ बुवांच्या मनगटाला. मग डोकं पाण्याखाली. सोसेना झालं की मनगट दाबायचं, बुवा त्या क्षणी वर काढायचे. रीत म्हणाल तर एवढीच.

मी डोकं बुडायच्या आधीच दाबायचो. बुवा म्हणायचे, "पोपट, लेका अजून केस तरी भिजू दे!"

जालिंदरनं मात्र कधी दाबलं नाही. एकदासुद्धा नाही. पायरीवर बसलेली आम्ही पोरं कासावीस व्हायचो, पण त्याची मूठ हलायची नाही. शेवटी बुवाच त्याला वर काढायचे. तालुक्यात त्याला मगर म्हणायला लागले. "वाघदऱ्याची मगर, हिचा जीव पाण्यात असतो." समोरचा संघ हे ऐकूनच अर्धा गार पडायचा.

आणि खेळला कसा! आधी आमच्या मंडळाकडून, मग जिल्ह्याकडून, मग राज्याकडून. समोरच्यांच्या अंगणात शिरला की माजघरात फिरावं तसा फिरायचा. सगळ्यांना वाटायचं आता याचा दम तुटणार, आणि हा हसत रेघेवर. खेळाच्या जोरावर पुण्यात कंपनीत नोकरी लागली. गावात पहिली मोटारसायकल त्याचीच आली.

एका अंतिम सामन्यात कोपऱ्यावरच्या गड्यानं त्याचा घोटा धरला. बाकीचे अंगावर पडले. गुडघ्यातनं जो आवाज झाला तो आम्हाला दोरीबाहेर ऐकू आला. तरी हा बाबा त्या सगळ्यांना ओढत मधल्या रेघेपर्यंत आला आणि बोटं टेकवली. आम्ही जिंकलो. त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. त्या गुडघ्याचं काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पट्टी गुंडाळून तसाच खेळत राहिला, आणि एक दिवस तो गुडघा वाकायचाच बंद झाला.

पुढं कंपनीनं त्याला गोदामात बसवलं. दर वर्षी कुठंतरी सत्कार, शाल, श्रीफळ, स्टेजवर तिसऱ्या रांगेत खुर्ची. मग तेही थांबलं. आता मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात कबड्डी होते, पोरांच्या पाठीवर नावं असतात. ते टीव्हीवर लागलं की हा उठून बाहेर जायचा. मधे एकदा छातीत कळ आली तर एकटाच स्कूटर चालवत दवाखान्यात गेला. बायकोला शेजारणीकडून कळलं!

मग नोकरी सोडून गावाकडं आला आणि पोरीच्या मागं लागला. तनुजा खेळतेही झकास, त्यात वाद नाही. बापाचंच पाऊल, बापाचीच नजर. राज्याच्या निवड चाचणीला तिचं नाव आलं होतं.

असो. ओवरीत जालिंदर बसला होता आणि माझा चहा पातेल्यात निवत होता.

"काय झालं ते सांग," बुवा म्हणाले.

"शेतातला हौद. मोटरपंपाजवळचा. रोज तिथंच करतो आम्ही. तुम्ही करायचात तसंच."

"माझ्यासारखं?"

"अगदी तसंच. ती आत, मी काठावर. डोक्यावर हात. ती खाली गेली... आणि वर यायचं नावच घेईना. रोजच्यापेक्षा जास्त वेळ झाला. मग माझ्यापेक्षा जास्त झाला..."

तो थांबला.

"मला आनंद झाला, बुवा."

मी पातेलं खाली ठेवलं.

"म्हणजे मला वाटलं, जिंकली पोरगी! बापाला मागं टाकलं. तिची मूठ माझ्या मनगटावर जरा सैल पडली. मला वाटलं, बघा, किती निवांत आहे. मी तिला वरनं ओरडून सांगत होतो... शाब्बास, शाब्बास..."

"आणि ती?"

"ती शुद्धीवर नव्हती."

ती पोर माझ्या डोळ्यांपुढं वाढलेली. गेल्या जत्रेत मला म्हणाली होती, काका, तुमची चढाई करून दाखवते, आणि तीन पावलं टाकून धापा टाकत खाली बसली होती. अख्खी जत्रा हसली होती.

"उज्ज्वला धुणं घेऊन आली म्हणून," जालिंदर म्हणाला. उज्ज्वला त्याची बायको. "तिनं पाण्यात उडी टाकली. मला कळलंच नाही की ही का उडी टाकतेय. मी म्हणालो, थांब, तिचा दम मोडशील..."

"जाल्या!" माझ्या तोंडून निघून गेलं.

खरं सांगतो, त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं मला. आणि त्याच वेळी असंही वाटलं की या माणसाला कुणीतरी धरून ठेवलं पाहिजे, नाहीतर हा इथंच फुटेल.

बुवा डोळे मिटून बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले,

"आता कशी हाय?"

"परवा दवाखान्यातनं घरी आणली. फुप्फुसात पाणी गेलं होतं, ते निघालं. डॉक्टर म्हणतात धोका टळला. जेवते. चालते." मग त्याचा आवाज एकदम चढला. "पण दाबलं का नाही तिनं? मी रोज सांगत होतो, सोसलं नाही की दाब. रोज! तुमचीच पद्धत होती ना ही? मग तुमच्या हातून आमच्यातलं कुणी गेलं नाही, आणि माझ्याच हातून..."

"तू दाबायचास?"

"मी?"

"व्हय. तू."

"मी कधीच नाही दाबलं. एकदाही नाही."

देवाशप्पथ सांगतो, एवढ्या सगळ्यातसुद्धा त्याची मान ताठ झाली. डोळ्यांत पाणी आणि मान ताठ. असला माणूस मी दुसरा बघितला नाही.

"हे तिला ठाऊक हाय?"

"कुणाला ठाऊक नाही? सगळा गाव सांगतो."

"तूबी सांगतोस?"

"...सांगतो."

"मग ती कशी दाबंल?"

पण त्याच्या गळ्याखाली ते उतरलं नव्हतं, मला दिसत होतं. त्यानं पुन्हा तोंड उघडलंच.

"ठीक आहे. नाही दाबलं तिनं. मीही दाबत नव्हतो. पण मला काही झालं नाही ना? मी तर जास्त वेळ राहायचो. मला का काही झालं नाही?"

"तुला वर कोण काढायचं?"

"तुम्ही."

"मला कसं कळायचं, काढायची वेळ झाली म्हणून?"

"तुम्हाला अंदाज असणार. इतक्या वर्षांचा अनुभव..."

"कसला डोंबलाचा अनुभव!"

बुवा शक्यतो असं बोलत नाहीत. मी चमकून बघितलं.

"पाण्याखाली तुझं तोंड. वरनं दिसतं काय? केस दिसत्यात. केसांवरनं काय कळतं?"

"मग?"

"मीबी धरायचो."

"काय?"

"दम."

मला आधी समजलंच नाही. जालिंदरलाही नाही. तो नुसता बघत राहिला.

"तुझं डोकं खाली गेलं," बुवा म्हणाले, "की मी वर दम धरायचो. माझा संपला की तुला वर. तुझा उरला हाय का न्हाई, ते मला काय माहीत?"



मी माझं सगळं लहानपण त्या कुंडावर काढलं. बुवांना पायरीवर ओठ मिटून बसलेलं मी कितीदा बघितलंय. आम्हाला वाटायचं, ते मनात जप करतात. आम्ही एकमेकांना गप्प करायचो, ए शूऽऽ, बुवांचा जप चाललाय. आणि ज्याच्यासाठी ते चाललं होतं त्याचं डोकं पाण्यात. बघणार कोण?



जालिंदरला निराळंच काही लागलं होतं. चेहरा पांढरा पडला होता.

"म्हणजे... मी दाबत नव्हतो, कारण..."

"कारण तुझ्या आधी मी संपायचो."

"म्हणजे मला कधी वेळच आली नाही?"

"न्हाई आली."

"माझा दम किती होता, मग?"

"कुणाला ठाऊक, बाबा!"

बघा आता. तालुका त्याला मगर म्हणायचा. त्यानं स्वतःच्या घरात, पोरीच्या डोक्यात, ती मगर बांधून ठेवली होती. आणि ती सगळी मगर एका म्हाताऱ्याच्या छातीतल्या हवेवर पोसलेली निघाली. मला त्याच्याकडं बघवेना. माणसाला नागवं केलेलं बघू नये.

"एकदा तर," बुवा सांगू लागले, "मीच फार ताणलं. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तुला काढला आणि तसाच पायरीवर आडवा झालो. तुम्ही पोरं म्हणालात, बुवांना समाधी लागली."

हे मात्र मला आठवत होतं. आम्ही त्या दिवशी त्यांच्या पाया पडलो होतो.

"तुम्ही सांगितलं का नाही?" जालिंदर ओरडलाच. "कधीच का नाही सांगितलं?"

"सांगण्यासारखं काय त्यात? पोराला खाली घालायचं आणि आपण वर हवा खात बसायचं, असं कुणी करतं व्हय?"

एवढं बोलून बुवांना स्वतःलाच काहीतरी सुचलं. ते पुढं वाकले. आवाज अगदी खाली आला.

"जालिंदर... तू काय करत होतास?"

"कधी?"

"ती खाली असताना."

"मी... हातात मोबाईल होता. वेळ लावली होती. सेकंद बघत होतो."

"आणि श्वास?"

"काय?"

"तू श्वास घेत होतास?"

जालिंदरनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"...हो."

"तिच्या डोक्यावर हात ठिवून?"

"...हो, बुवा."

मी बुवांना रागावलेलं क्वचित बघितलंय, पण घाबरलेलं कधीच नाही. त्या वेळी ते घाबरले. डोळे मोठे झाले आणि हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट डोंगर उतरून गेली होती आणि अर्धीच पोचली होती, हे त्यांना आत्ता कळत होतं.

"माझी चूक," ते पुटपुटले. "मी हात शिकवला."

मग उठले. मला वाटलं आत जातील, देवापाशी. पण ते ओवरीतनं उतरले आणि कुंडाकडं चालायला लागले.

"बुवा, चहा..." मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो.

ते पायऱ्या उतरत होते. चैत्रातलं कुंड, पाणी निम्म्यावर गेलेलं, शेवाळानं खालच्या पायऱ्या बुळबुळीत झालेल्या. मी स्वतः तिथं उतरताना भिंत धरतो. आणि हे ऐंशी ओलांडलेले. हिवाळाभर खोकत होते. मी मागं धावलो. जालिंदर लंगडत माझ्या मागं.

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढून पायरीवर ठेवलं आणि छातीभर पाण्यात उभे राहिले.

"जालिंदर, इकडं ये. इथं बस."

त्यांनी वरची पायरी दाखवली. त्यांची स्वतःची पायरी. जालिंदर बसला. त्याला काही सुचत नव्हतं, सांगितलं म्हणून बसला.

बुवांनी त्याचा उजवा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मग आपली मूठ त्याच्या मनगटाला लावली.

"बुवा, हे काय..."

बुवा खाली गेले.

"अहो!" मी ओरडलो. "अहो बुवा! जाल्या, काढ! काढ त्यांना वर!"

मला वाटलं तो लगेच काढेल. पण जालिंदर दगड झाला होता. हात त्या पांढऱ्या केसांवर, डोळे पाण्यावर. पाण्यातनं नुसते केस दिसत होते, हलत होते. बाकी काही दिसत नव्हतं. मी वाकून बघितलं, खरंच काही दिसत नव्हतं.

आणि मग मला जालिंदरचं तोंड दिसलं.

ओठ मिटलेले. गाल आत ओढलेले. मानेच्या शिरा टरारल्या होत्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा त्यालाही पत्ता नव्हता.

मी पाण्यात पाय टाकला होता, एवढ्यात त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मी आयुष्यात विसरणार नाही. बैल ओरडतो ना, तसला. त्यानं दोन्ही हातांनी बुवांना काखेत धरलं आणि खेचून वर काढलं. पायरीवर आणलं, मांडीवर घेतलं. बुवा खोकत होते. हा धापा टाकत होता. दोघांचीही नाकं वाहत होती.

मी उपरणं आणून बुवांच्या अंगावर टाकलं. मला भयंकर राग आला होता. "तुम्हाला काही अक्कल?" मी बुवांना म्हणालो. चक्क म्हणालो. "या वयात? काही झालं असतं म्हणजे?"

बुवांनी हात हलवून मला गप्प केलं. खोकला थांबेपर्यंत थांबले. मग मांडीवरूनच जालिंदरला विचारलं,

"मी दाबलं?"

"नाही."

"मग का काढलंस?"

जालिंदर बोलायला गेला आणि त्याला आधी श्वासच घ्यावा लागला.

"माझ्यानं... राहवेना."

"किती वेळ झाला होता?"

"मला काय माहीत!" तो रडत ओरडला. "मी काय मोजत बसलो होतो?"

आणि मग त्यानं बुवांच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं. मी त्याला गुडघा मोडला तेव्हा रडताना बघितलं नव्हतं. त्याची आई गेली तेव्हासुद्धा नाही. आता असा रडत होता की लाज वाटावी. त्याला वाटत नव्हती.

बुवा उठून बसले, उपरणं पिळलं, पुन्हा अंगावर घेतलं.

मला वाटलं, झालं. पोरगी वाचली आहे, बापाला चूक कळली आहे, आता दोघांनी देवाला नमस्कार करावा आणि मी पुन्हा चहा टाकावा. मी उठलोसुद्धा.

"बुवा," जालिंदर म्हणाला. "मी ज्यासाठी आलो ते सांगितलंच नाही अजून."

मी तिथंच थांबलो.

"आता आणखी काय?" बुवा म्हणाले.

"ती बोलत नाही माझ्याशी. ते ठीक आहे, नाही बोलणारच. पण... काल उज्ज्वलानं मला बाजूला घेतलं. म्हणाली, तुम्ही पोरीच्या खोलीत जाऊ नका. मी म्हणालो, का? माझी पोर आहे. तर म्हणाली, तुम्ही आत गेलात की तिच्याकडं नीट बघा एकदा."

"मग?"

"मी बघितलं. आज सकाळी."

तो स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता. पाणी अजून निथळत होतं त्यावरून.

"मी दारात आलो की ती श्वास धरते, बुवा."

मी खाली बसलो.

"पांघरूण छातीपर्यंत ओढलेलं, डोळे माझ्यावर, आणि छाती हलत नाही. मी म्हणालो, तनू, जेवलीस का? काही नाही. मी म्हणालो, बाळा, मी तुला हात नाही लावत. काही नाही. चेहरा लाल व्हायला लागला. मी तसाच मागं सरकत बाहेर आलो आणि दाराआड उभा राहिलो. मग ऐकू आलं... तिनं श्वास सोडला."

कुंडात कुठंतरी पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, बुवांनी आता काहीतरी चांगलं बोलावं. वेळ जाऊ दे, पोर आहे, विसरेल. असलं काहीतरी, कुणीही म्हणतं ते. मी मनातल्या मनात त्यांना विनवत होतो.

बुवा पाण्याकडं बघत होते.

"तिला कळतं का, ती धरते ते?"

"उज्ज्वला म्हणते, नाही कळत."

"हं..."

"मी पाया पडलो तिच्या. मनातल्या मनात. खोलीत जाऊन पडायची हिंमत नाही. आणि मी गेलोच नाही कधी, तर तिला काय वाटेल? बापानं टाकलं, असं वाटेल. गेलो तर ती... अशी. जाऊ की नको जाऊ? सांगा ना बुवा. चाचणी गेली खड्ड्यात. कबड्डी गेली खड्ड्यात. ती माझ्यासमोर साधा श्वास घेऊ दे, मला दुसरं काही नको. मी काय करू?"

बुवांनी त्याचा तो उजवा हात दोन्ही हातांत घेतला. उपरण्यानं पुसला. बोट न् बोट पुसलं, जत्रेतनं आलेल्या पोराचे हात पुसावेत तसं.

"घरी जा. तिच्या खोलीत जा. दाराजवळच बस, पलंगाला लागू नको."

"आणि?"

"ती दम धरंल, तवा तूबी धर."

जालिंदर त्यांच्याकडं बघत राहिला. गालांवरून अजून पाणी ओघळत होतं, पण रडणं थांबलं होतं.

"मग?"

"मग कळंल तुला, उठून बाहेर कधी यायचं ते."